शंभर मिलीचं इंजिन: ग्रासकटरच्या ऑईलचा सात महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये फोर स्ट्रोक ग्रासकटर घेतला. होंडाचं जीएक्स ३५ इंजिन, ३५.८ सीसी. राजापूरकडे आमची आंबा-काजूची कलमं आहेत, सगळा उतार. पावसात दोन बेणण्या आणि दिवाळीनंतर वाळल्या गवताची एक, मिळून साठेक तास मशीन चाललं.

सुरुवातच बिघडली. दुकानातल्या पोराने मशीन तिरकं धरून अंदाजाने बाईकचं २०डब्ल्यू-४० (हा ऑईलच्या दाटपणाचा नंबर) ओतलं. घरी चालू केलं तर नुसता पांढरा धूर, आणि एअर फिल्टरचा स्पंज ऑईलने थबथबलेला. दोष ऑईलचा नव्हता, मापाचा होता. यात ऑईल मावतं फक्त १०० मिली. बाईकमध्ये पंचवीस मिली जास्त गेलं तर कळतही नाही, इथे तो पाव हिस्सा होतो. मशीन सपाट ठेवायचं आणि तोंडाच्या काठाला ऑईल दिसलं की थांबायचं.

मग पुस्तिकेत दिलंय तेच, १०डब्ल्यू-३०, एपीआय एसजे (ही ऑईलच्या दर्जाची खूण) किंवा त्यापुढचं. यासाठी कोल्हापूर गाठायला नको, स्कूटरचं ऑईल तालुक्याला मिळतं. डब्यावर जेएएसओ या जपानी मानकाची खूण एमए आहे की एमबी, यावर डोकं शिणवू नका. ती भानगड ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचची. ग्रासकटरचा क्लच कोरडा असतो.

कंपनी कुठली यापेक्षा बदलता कधी, ते बघा. या इंजिनाला ऑईल फिल्टरच नाही, झिजलेल्या धातूची पूड तिथेच फिरत राहते. पहिल्या १० तासांनंतर काढलेल्या ऑईलला चक्क चंदेरी झाक होती. पुढे ५० तास किंवा ६ महिने असं पुस्तिका सांगते. आमचा गडी दिवसभर फुल रेसवर चालवतो, म्हणून मी २५ तासांनीच बदलतो. लिटरच्या डब्यात दहा वेळा भागतं, कंजुषी कशाला? इंजिन कोमट असतानाच उलटं करायचं, सगळं निथळतं.

तक्रार एकच. नोव्हेंबरच्या उन्हात ऑईल थोडं उडालं, दोनदा भर घालावी लागली. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांत कडक उन्हात १०डब्ल्यू-३० जरा जास्त जळतं. अशा उन्हाला ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन आपल्या इंजिनांसाठी एसएई ३० सुचवते, पण साधं ३० नंबर आमच्या दुकानदाराने ऐकलेलंही नव्हतं.

घरात जुना टू स्ट्रोकही आहे. त्याला लिटर पेट्रोलला २० मिली टूटी (टू स्ट्रोकचं ऑईल), म्हणजे ५०:१. त्याच्यात चुकून साधं पेट्रोल गेलं तर पिस्टन जाम होतो. म्हणून मिक्सच्या कॅनच्या कानाला लाल चिंधी बांधून ठेवलीय. आणि मापासाठी गुरांच्या औषधाची ५० मिलीची सिरिंज. दोनदा भरली की फोर स्ट्रोकचं काम झालं.