लो-कार्बवर लांबची सायकल: खिशात बदाम की राजगिऱ्याचा लाडू?

कार्ब्ज कमी करून वजन उतरलंय, साखर ताळ्यावर आलीये आणि आता 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडची तयारी करायचीये. दोन वर्षांपूर्वी मी इथेच अडलो होतो. सायकलवरही कार्ब्ज बंदच ठेवायचे, की घरी बंद आणि लांबच्या राइडला चालू? दोन्ही एकेक हंगाम करून पाहिलं.

कडक पद्धतीचे, म्हणजे सायकलवरही कार्ब्ज बंद ठेवण्याचे गुण आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. दिवसाला 50 ग्रॅम कार्ब्जच्या आत राहिलं की सुरुवातीला डोकं दुखतं, पाय ओढत नाहीत. इन्सुलिन उतरल्यावर मूत्रपिंडं सोडियम जास्त बाहेर टाकतात, म्हणून हे होतं. लिंबूपाण्यात मीठ वाढवलं की बरंचसं निवळतं. नंतर सपाटीवर जी स्थिरता येते, ती मला तरी दुसरीकडे मिळाली नाही. पहाटे काळी कॉफी घेऊन इंदूरहून उज्जैनला जाऊन परत यायचो, वाटेत पोह्यांच्या गाड्यांकडे मान वळायची नाही. हिशोबही पटतो: ग्लायकोजन म्हणून, म्हणजे साठवलेल्या कार्ब्जच्या रूपात, अंगात जेमतेम 2000 कॅलरी, आणि चरबी सडपातळ माणसाकडेही 50,000 च्या वर.

अडलं ते चावण्यात.

ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना भेरूघाटाचा चढ शेवटी येतो, पाय दमलेले असताना. एप्रिल होता. खिशात बदाम, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे. चीजचे क्यूब वितळून कागदाला चिकटलेले. चढावर तोंड श्वासासाठी लागतं. बदामाचा भुगा गालात तसाच राहिला, घोट घ्यायला गेलो आणि असा ठसका लागला की पाय टेकावा लागला. त्या घाटात तीनदा थांबलो, तीनही वेळा खाण्यासाठी. एवढं करून पोटात गेलेल्या त्या चरबीचा त्या चढाला उपयोग नाहीच, ती पचायला तास लागतात. त्यानंतर कितीतरी राइडला मी घाट जवळ आला की खाणंच टाळायचो, आणि वर पोचेपर्यंत रिकामा व्हायचो.

हा माझ्या एकट्याच्या तब्येतीचा दोष असेलही. पण ऑस्ट्रेलियातल्या लुईस बर्क यांच्या चमूने अव्वल दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंवर केलेला 2017 चा अभ्यास याच दिशेने बोट दाखवतो: कमी कार्ब्जवरचे खेळाडू चरबी भरपूर जाळत होते, पण त्याच वेगाला त्यांना प्राणवायू जास्त लागत होता. घाटात नेमका तोच कमी पडतो.

आता करतो ते असं. आठवडाभर भाकरी-भात जवळजवळ नाही. अंडी, पनीर, भाज्या, दाणे. राइडच्या आदल्या रात्री एक वाटी वरण-भात. पहिले दोन तास काळ्या कॉफीवर, ती स्थिरता बऱ्यापैकी टिकते. मग तासाला 30-40 ग्रॅम कार्ब्ज: एक केळं आणि एखादा खजूर, किंवा राजगिऱ्याचे लाडू. शर्यतवाले तासाला 60 ते 90 घेतात, तेवढ्याची मला गरज पडली नाही. राजगिऱ्याचा लाडू तोंडात टाकून एक घोट पाणी घेतलं की विरघळतो. श्वास मोडत नाही.

तुमच्या राइड शंभर किलोमीटरच्या आत, सपाट आणि निवांत असतील तर कडक पद्धत सोडायला मी सांगणार नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर दोन्हींआधी डॉक्टरांशी बोला. पण इंदूरहून सिमरोलच्या पुढे, भेरूघाट उतरून जायचं असेल, तर लाडू बरोबर असू द्या. आणि खायचा कधी, तर परतताना घाट सुरू होण्याआधी वीस मिनिटं, पायथ्याकडच्या बलवाडा गावाच्या आसपास, श्वास अजून आपल्या हातात असताना.