एनक्लेक्ससाठी क्लास लावू की यूवर्ल्ड घेऊ? दोन्ही करून पाहिलेल्या सिस्टरचा रिव्ह्यू

एनक्लेक्स म्हणजे अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवायला द्यावी लागणारी परीक्षा आणि यूवर्ल्ड म्हणजे तिच्या तयारीचा ऑनलाइन प्रश्नसंच. आधीच सांगते, माझं मत यूवर्ल्डच्या बाजूने आहे, पण सगळ्यांनी डोळे झाकून तेच घ्या असं मी म्हणणार नाही. जीएनएम किंवा बीएस्सी करून बरीच वर्षं वॉर्डात काढलेल्या आपल्यासारख्या सिस्टर्ससाठी हे लिहितेय, कारण नेटवर जे रिव्ह्यू सापडतात ते बहुतेक अमेरिकेत शिकलेल्या पोरींचे असतात आणि त्यांची अडचण वेगळी, आपली वेगळी. २०२३ मध्ये तिकडे शिकलेल्यांपैकी ८८ टक्क्यांच्या वर पहिल्याच खेपेत पास झाल्या, बाहेर शिकलेल्यांचं प्रमाण त्याच्या खूपच खाली. माझ्या मते याचं मोठं कारण एकच, ही परीक्षा ज्या हॉस्पिटलची कल्पना करून काढलेली असते तसं हॉस्पिटल आपण पाहिलेलंच नसतं.

म्हणजे बघा, तिकडे आरएन (पूर्ण लायसन्स असलेली नर्स), एलपीएन (कमी अधिकारांची नर्स) आणि यूएपी (लायसन्स नसलेले मदतनीस) असे थर असतात, आपल्याकडे सिस्टर आणि मावशी, बाकी सगळं नातेवाईक करतात. त्यामुळे कोणतं काम कोणाला द्यायचं हा प्रश्न आला की आपण आपल्या वॉर्डाच्या सवयीने उत्तर देतो आणि चुकतो. स्टेबल पेशंटचे व्हायटल्स (बीपी, नाडी, ताप), आंघोळ, चालवणं यूएपीला देता येतं, पण असेसमेंट, टीचिंग आणि इव्हॅल्युएशन आरएननेच करायचं. पेशंटला आपली भाषा येत नसेल तर त्याच्या मुलीला मध्ये घालून विचारणं आपल्याकडे रोजचं, तिथे ते चुकीचं उत्तर. औषधांची नावंही तिकडची, पॅरासिटामॉलचं अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल. कोर्स निवडताना मी सगळ्यात आधी हेच बघेन की तो ही दरी भरतो का.

आता क्लासबद्दल. नाव घेत नाही, ऑनलाइन बॅच होती, फी आधीच पूर्ण भरायची आणि परत मिळणार नाही. शिकवणाऱ्या मॅडम मनाने चांगल्या, नाइट करून आलेल्या मुलींसाठी रेकॉर्डिंग पण टाकायच्या, पण शिकवणं म्हणजे स्लाइड वाचणं. प्रश्न सोडवायला दिले की शेवटी "उत्तर सी, लक्षात ठेवा" एवढंच, आणि प्रश्न पण जुने. १ एप्रिल २०२३ पासून पेपरचा चेहरामोहरा बदललाय, केस स्टडी आल्या, एका केसवर ६ प्रश्न, बो-टाय (आजार, उपाय आणि काय बघत राहायचं हे एकाच आकृतीत भरायचं) आला, मॅट्रिक्स (तक्त्यात टिक करायचं) आलं, अर्धवट बरोबर असेल तरी मार्क मिळतात आणि काही प्रकारांत चुकीचा पर्याय टिक केला तर मिळालेला मार्क कापला पण जातो. हे ज्या क्लासच्या प्रश्नांत दिसत नाही तो क्लास स्वस्त असला तरी नको. टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफचंही तेच, चोरीचा माल तर आहेच पण त्यातलं बरंच जुनं आहे आणि स्क्रीनवर ओढून टाकायचे प्रश्न कागदावर कसे सोडवणार?

यूवर्ल्डमध्ये मला जे मिळालं ते म्हणजे स्पष्टीकरण. एका ठरावीक धाटणीचा प्रश्न सांगते, चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाल? सीओपीडीवाला (फुप्फुसाचा जुनाट आजार), सॅच्युरेशन ९०. ऑपरेशननंतर थोडा ताप. गुडघा बदललेला, खूप दुखतंय म्हणतोय. आणि थायरॉइड काढलेली बाई, तोंडाभोवती मुंग्या येतायत. आपला हात सॅच्युरेशनकडे जातो कारण आकडा कमी दिसतो. पण सीओपीडीला ८८ ते ९२ अपेक्षितच असतं, आणि त्या मुंग्या म्हणजे पॅराथायरॉइडला धक्का लागून कॅल्शियम खाली गेलेलं असू शकतं, पुढची पायरी लॅरिंगोस्पाझम, म्हणजे घसा आवळून श्वासाची वाट बंद. हे नुसतं बरोबर उत्तर सांगून कळत नाही, बाकीचे तीन का मागे ठेवायचे ते कोणीतरी समजावायला लागतं, आणि यूवर्ल्ड प्रत्येक पर्यायाचं समजावतं, चित्रं काढून. मी बसमध्ये मोबाइलवर सुद्धा तेच वाचत असायचे, थोडे दिवस गेले की आपोआप डोक्यात "हे अपेक्षित आहे की नवीन आहे" हा प्रश्न यायला लागतो, आणि खरं सांगू, माझ्या आयसीयूच्या ड्युटीत पण त्याचा फरक पडला.

मग यूवर्ल्ड कोणी घेऊ नये, किंवा नुसतं घेऊ नये? ज्यांचा पाया सुटलाय त्यांनी. वर्षानुवर्षं एकाच युनिटला असाल तर पेडियाट्रिक्स, ओबीजी (बाळंतपण आणि स्त्रीरोग), सायकियाट्रिक सगळं धूसर झालेलं असतं, अशा वेळी थेट प्रश्नांत उडी मारली की पहिल्या आठवड्यात रडू येतं आणि माणूस सोडून देतो. आधी विषय वाचा, किंवा नीट शिकवणारा क्लास असेल तर खुशाल लावा, पण पैसे भरायच्या आधी एक डेमो लेक्चर मागा आणि मॅडमना एक प्रायॉरिटीचा प्रश्न सोडवून दाखवायला सांगा, दहा मिनिटांत कळतं. "१०० टक्के पास गॅरंटी" असं कोणी लिहिलं असेल तर खालच्या अटी वाचा, बहुतेक वेळा सगळे टेस्ट पूर्ण केले, इतके टक्के आले, तरच काहीतरी, आणि ते काहीतरी म्हणजे पैसे नव्हे तर पुन्हा तोच कोर्स.

पैशाचं बोलायचं तर परीक्षेची फी २०० डॉलर, भारतात बसायचं तर वर आणखी १५० डॉलर, कर वेगळा. नापास झालात तर ४५ दिवस थांबा आणि पुन्हा तेवढेच भरा. त्यामुळे कोर्सवर दोन पैसे जास्त गेले तर मला वाईट वाटत नाही, पण सबस्क्रिप्शन कधी घ्यायचं हे मात्र नीट ठरवा! महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं व्हेरिफिकेशन, परदेशी नर्सची कागदपत्रं तपासणाऱ्या सीजीएफएनएसची (आता नाव ट्रूमेरिट) कागदपत्रं, यात महिनोन् महिने जातात, आणि आपल्या पोरी उत्साहात आधीच कोर्स घेऊन बसतात, एटीटी (परीक्षेला बसायची परवानगी) हातात येईपर्यंत मुदत संपलेली असते. एटीटी येण्याच्या बेताला घ्या, तोवर परीक्षा घेणाऱ्या एनसीएसबीएनच्या साइटवरचा टेस्ट प्लॅन वाचा, तो फुकट आहे आणि दर तीन वर्षांनी बदलतो म्हणून चालू वर्षाचाच बघा.

बजेट अगदीच कमी असेल तर आर्चर नावाचा तसाच ऑनलाइन कोर्स आहे, तो यूवर्ल्डपेक्षा बराच स्वस्त पडतो. समजावणं तेवढं खोल नाही असं मला वाटलं, पण मॉक टेस्टसाठी उत्तम, खऱ्या परीक्षेसारखी ८५ ते १५० प्रश्नांची आणि तुमच्या उत्तरांप्रमाणे अवघड-सोपी होत जाणारी टेस्ट घेता येते, आणि तयारी किती झाली तेही सांगतं. दोन्ही परवडत असेल तर आधी यूवर्ल्ड आणि शेवटच्या काही आठवड्यांत आर्चरच्या मॉक, त्याही ड्युटीवरून आल्या आल्या नाही, सुट्टीच्या दिवशी, सलग ५ तास खुर्चीवर बसून.