‘90 दिवसांत 12 किलो, नाहीतर पैसे परत’: आमच्या वाडीचे 2,10,900 रुपये असे गेले

आमच्या आणि शेजारच्या वाडीतल्या मिळून 9 जणींचे 2,10,900 रुपये वजन उतरवण्याच्या एका सेंटरात गेले. हिशेब आधी मांडते, कारण ‘किती ते गेले असतील, हजार-दोन हजार’ असं म्हणून हसणारे खूप भेटले. नोंदणीचे 500. पहिल्या महिन्याच्या किटमध्ये शेकचे, म्हणजे ढवळून प्यायच्या पावडरीचे, दोन डबे, 2,350 ला एक, म्हणजे 4,700. ‘हर्बल चहा’ 1,900. ‘फॅट कटर’च्या 60 कॅप्सूल 3,200. झाले 10,300, आणि ते नऊही जणींनी भरले. दुसऱ्या महिन्यात 9,800 भरणाऱ्या सात जणी. तिसऱ्या महिन्यात त्याच 9,800 वर 2,600 चं ‘डिटॉक्स’ लागलं, म्हणजे 12,400, ते चौघींनी भरले. बेरीज करून बघा.

सेंटरचा गाळा एसटी स्टँडसमोर होता. आत वजनाचं मशीन, भिंतीवर आधी-नंतरचे फोटो, आणि बाहेर कापडी फलक: ‘90 दिवसांत 12 किलो, नाहीतर पैसे परत’. अशा सेंटरांचा धंदा कसा चालतो हे सगळ्यांना साधारण माहीत असतं. मोफत तपासणी, मग घाबरवणं, मग किट, मग ‘तुम्हीच कोच व्हा आणि चार जणी आणा’. आम्हालाही माहीत होतं. तरी गेलो, आणि का गेलो ते सांगायलाच हवं, कारण ‘बायकांना आयतं बारीक व्हायचं असतं’ हे गावभर ऐकून कान किटलेत.

यातल्या एकीनेही आयतं काही मागितलं नव्हतं. पहाटे बंदराच्या रस्त्याने 5 किलोमीटर चालणाऱ्या बायका आहेत या. रात्रीचा भात सोडला, चहातली साखर सोडली, तरी काटा हलत नव्हता. त्याला कारणं असतात, आणि ती सांगायला पैसे लागत नाहीत. 70 किलोच्या बाईने 5 किलोमीटर चाललं की साधारण 250 कॅलरी जळतात. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे 15 मिलीत, 120 च्या वर कॅलरी असतात. रवा लावून तव्यावर तळलेले बांगड्याचे दोन तुकडे तेवढं तेल सहज पितात. ओल्या खोबऱ्याच्या 100 ग्रॅमला साधारण 350 कॅलरी, आणि आपल्याकडे वाटपात, चटणीत, उसळीत, घावण्यांसोबतच्या रसात सगळीकडे नारळ. भात सोडला तरी तो नारळ तसाच राहतो. दुसरं, 4-5 किलो उतरले की शरीराची गरजही उतरते, म्हणून त्याच जेवणावर आणि त्याच चालण्यावर काटा थांबतो. तिसरं, थायरॉइड, पीसीओएस, स्टेरॉइडच्या गोळ्या, इन्सुलिन, मानसिक आजारावरची काही औषधं. यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. हे आम्हाला त्या सेंटरात कुणी विचारलं नाही. उलट सांगितलं, ‘ताई, तुमचं फॅट अडकलंय.’ महिनोन्‌महिने घाम गाळून काहीच हाती न लागलेल्या बाईला हे वाक्य ऐकून बरं वाटतं, कारण त्यात तिचा दोष नसतो. तेच विकलं त्यांनी.

आता ते मशीन. त्यावर अनवाणी उभं राहायचं, ते पायांतून अगदी सौम्य वीज सोडतं आणि शरीराने केलेल्या अडथळ्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. अंदाजच तो, मोजमाप नव्हे. उंची, वय, स्त्री की पुरुष हे आधी घालावं लागतं, आणि आकडा त्यावर हलतो. उंची कमी घातली की त्याच वजनाला चरबी जास्त दिसते. पहिल्या दिवशी आमच्यातल्या 157 सेंटिमीटरच्या बाईची उंची 152 घातली होती. कार्डावर तसं लिहिलेलं आहे, कार्ड आहे आमच्याकडे. दुसऱ्या मोजणीला 157 घातली. चरबीचा टक्का आपोआप उतरला आणि टाळ्या वाजल्या.

आणि पाय. पहिल्या दिवशी दुपारी, जेवून आलेल्या, खळ्यातून शेतातून अनवाणी चालून टाचा भेगाळलेल्या बायकांना तसंच मशीनवर चढवलं. कोरड्या, जाड कातडीतून वीज नीट जात नाही, मशीनला वाटतं चरबी जास्त. पुढच्या वेळी सकाळी, उपाशीपोटी बोलावलं, आणि सेंटरातल्या कोच बाईने निळ्या बादलीतलं ओलं फडकं प्रत्येकीच्या हातात दिलं. ‘पाय नीट पुसून घ्या, टाचासुद्धा.’ स्वच्छता म्हणून पुसले सगळ्यांनी. पहिल्या दिवशी ही स्वच्छता कुठे होती? हा प्रश्न तेव्हा एकीच्याही तोंडून निघाला नाही, हे आजही डाचतं. ते फडकं हातात आलं तिथेच कळायला हवं होतं.

त्याहून कडू गोष्ट म्हणजे काटा. उपकेंद्रातल्या काट्यावर आमच्यातल्या एकीचं वजन 71.2 भरलं आणि त्याच दिवशी सेंटरात 68.4. एका दिवसात 2.8 किलोचा फरक. विचारलं तर उत्तर तयार होतं, ‘सरकारी काटे बिघडलेलेच असतात.’ आणि पटलं आम्हाला, कारण सरकारी वस्तू बिघडलेली असते हे आपण रोज बघतो. किराणा दुकानातून 10 किलोची सीलबंद तांदळाची पिशवी नेऊन त्या मशीनवर ठेवली असती तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. तुम्ही न्या. आधी पिशवी, मग स्वतः, मग पिशवी घेऊन स्वतः. एकटी पिशवी साधारण 10 भरायला हवी, आणि शेवटच्या दोन आकड्यांतही तेवढाच फरक यायला हवा. मशीन रबरी मॅटवर ठेवलेलं असेल तर उचलून फरशीवर ठेवायला सांगा. नाही म्हणाले तर उठून या.

पहिल्या आठवड्यात वजन उतरलं, हे मात्र खरं. 2 किलो, कुणाचं थोडं जास्त. यामुळेच पुढचे पैसे गेले. भात बंद केला की शरीरात साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी जातं. वर तो चहा. पाकिटावर बारीक अक्षरात सोनामुखी लिहिलं होतं, म्हणजे साधा जुलाब. त्याने पाणी जातं, पोटॅशियम जातं, पायात गोळे येतात, चरबी जात नाही. 1 किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. 6 दिवसांत 2 किलो चरबी जाळायची तर रोज अडीच हजारांच्या वर तूट पाडायला हवी, आणि या बायका पूर्ण दिवसात तेवढं खातही नाहीत. हे गणित शाळेतलं पोर करेल. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही खरी चाल, त्याहून भराभर कुणी कबूल करत असेल तर ते पाणी विकतंय.

शेकच्या डब्यावर घटकांच्या यादीत साखर दुसरी. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते, म्हणजे दुसरी सगळ्यात जास्त वस्तू साखर. 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक दाखवून ‘सरकारमान्य’ म्हणायचे. तो क्रमांक अन्नधंद्याच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा असतो. लाडू विकणाऱ्यालाही तो लागतो. वजन उतरतं याची ती हमी नाही.

कॅप्सूल ‘आपल्याच कोकणातल्या कोकमापासून’, असं सांगत. लेबलवर ‘गार्सिनिया’, कोकम ज्या झाडांच्या कुळातलं त्याचं नाव. गार्सिनियाच्या सालीतल्या ज्या आम्लाचा गाजावाजा होतो, त्याची 12 आठवड्यांची चाचणी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 1998 साली छापून आली. नुसत्या पिठाच्या गोळीपेक्षा जास्त वजन उतरलं नाही. आणि आपण तर आमसुलं वाळवणारी माणसं, सोलकढीने कुणी बारीक झालेलं बघितलंय का? मोठी गोष्ट ही की त्या बाटलीवर बॅच क्रमांक नव्हता, मुदत नव्हती, बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक नव्हता. तिघींना त्या घेतल्यावर छातीत धडधड, तोंडाला कोरड, रात्रभर झोप नाही. एकीचा रक्तदाब 160 च्या वर गेला. भूक मारणारं सिब्युट्रामाइन नावाचं औषध हृदयाला घातक म्हणून भारतात 2011 पासून बंद आहे, आणि ‘हर्बल’ बाटल्यांत ते चोरून मिसळलेलं जगभर सापडत आलंय. लक्षणं हीच. अशी धडधड सुरू झाली की कॅप्सूल थांबवा, बाटली जपून ठेवा, डॉक्टरला दाखवा.

सगळ्यात जास्त संताप येतो तो याचा: थायरॉइडची गोळी घेणाऱ्या दोघींना ‘शेकबरोबरच घ्या, चालतं’ असं सांगितलं. चालत नाही! ती गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा ते एक तास काही नाही. कॅल्शियम किंवा लोह असेल तर 4 तासांचं अंतर. सोया आणि कॅल्शियमचा शेक लगेच घेतला की गोळी अंगी लागत नाही, टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, चढतं आणि वजन आणखी अडतं. शिवाय त्यात बायोटिन हे जीवनसत्त्व असेल तर रक्ताचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो. तपासणीआधी डॉक्टरला सांगा. आणि बीपीची, शुगरची गोळी ‘हळूहळू बंद करू’ म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नका.

गॅरंटीचं काय झालं? कार्डाच्या मागे छापलं होतं, एक जरी साप्ताहिक वजन चुकलं तर गॅरंटी रद्द. तिसरा महिना गणपतीत आला. घरात चाकरमानी, गौरी आणायच्या, नैवेद्य करायचे, कोकणातली कुठली बाई त्या आठवड्यात वजन करायला जाईल? त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. 90 दिवसांचा हिशेब त्यांनीच लावला होता. नवरात्राच्या आत गाळ्याला कुलूप, मोबाइल बंद, ग्रुप डिलीट. गाळ्याचे मालक मुंबईला, त्यांचं म्हणणं, ‘माझंही भाडं राहिलंय.’

मग सुरू झाली कचेऱ्यांची पायपीट. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, ‘वहिनी, माल घेतलात ना, मग फसवणूक कुठली? हा दिवाणी मामला.’ पैसे यूपीआयने गेले म्हणून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर ओळखीच्या बाईला स्वतःच्या हाताने पाठवलेत, हा सायबर गुन्हा नाही. परत ठाण्यात. तक्रार अर्ज घेतला तो नुसता ‘आवक’चा शिक्का मारून, गुन्हा दाखल नाही. बाटली घेऊन अन्न-औषधाच्या कचेरीत गेलो तर अन्नवाले म्हणाले कॅप्सूल म्हणजे औषध, औषधवाले म्हणाले पूरक आहार म्हणजे अन्न. मग विचारलं पक्कं बिल आहे का. नाही. बाटली फोडलेली आहे, नमुना चालणार नाही. रोज कॅप्सूल पोटात गेल्यावर बाटली सीलबंद कशी राहील, एवढा विचार खुर्चीतल्या माणसाला करता येऊ नये? बिल न देणं हाच त्या लोकांचा गुन्हा, आणि बिल नाही म्हणून तक्रार आमचीच लंगडी! रक्तदाब 160 झालेली बाई समोर बसलेली असताना ‘अर्ज ऑनलाइन करा’ सांगतात, आणि तिच्या वाडीत रेंज यायला माडाच्या पलीकडच्या सड्यावर चढावं लागतं.

कायदे नाहीत असं मुळीच नाही. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या औषध आणि जादुई उपचार कायद्याने बंदी आहे, लठ्ठपणा त्याच्या यादीत आहे. अन्न म्हणून खोटी जाहिरात केली तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 53 खाली 10 लाखांपर्यंत दंड. माणसं जोडायला प्रवेश फी घेणाऱ्यांवर 2021 चे थेट विक्रीचे नियम आहेत. तो कापडी फलक एसटी स्टँडसमोर तीन महिने होता, येता-जाता सगळ्या कचेऱ्यांच्या साहेबांना दिसत होता.

ठाण्यात दाद लागत नसेल तर ‘दिवाणी आहे’ ऐकून घरी येऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 चा उल्लेख करून अर्ज लिहा, पोच घ्या, आणि तोच अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती जपा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. दुसरीकडे ग्राहक आयोग. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, मुदत 2 वर्षं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून क्रमांक घ्या. सगळ्यांची तक्रार एकच असेल तर आयोगाच्या परवानगीने एकत्र करता येते. आम्ही तशीच करतोय.

ज्यांनी याच फलकाखाली पैसे भरले असतील, त्यांनी वजनाची कार्डं फाडू नका, उंचीचा रकाना आधी बघा. यूपीआयचे स्क्रीनशॉट नावासकट काढा, खाली व्यवहार क्रमांक दिसू द्या. ग्रुप डिलीट झाला असला तरी फोनमध्ये उतरलेले फोटो, व्हॉइस मेसेज राहतात, ते दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. आणि कुणाकडे न फोडलेली कॅप्सूलची बाटली उरली असेल, तर ती फोडू नका, फेकू नका. औषध कायद्याच्या कलम 26 खाली विकत घेणाऱ्याला फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. तशी एक सीलबंद बाटली आम्हाला हवी आहे.