साईट मोबाईलवर नीट बसवून घेतली, ४ स्टार, एक का कापला ते खाली

आमचं सांगलीत हळद-बेदाण्याचं दुकान आहे. साईट आधीच होती, दुसऱ्या एकाकडून केलेली, नाव घेत नाही. त्यानं दुकानात येऊन लॅपटॉपवर दाखवली, लई भारी दिसली, आम्ही खुश होऊन चहा-भडंग दिलं आणि पैसे पण लगेच दिले. पण गिऱ्हाईक कुठं लॅपटॉप उघडून बसतंय. दिवसभर फोन, बेदाण्याचा दर काय? अहो साईटवर टाकलाय की, असं मी वैतागून सांगायचो, शेवटी एकदा आण्णांच्या मोबाईलवर उघडून बघितली तर मुंगीएवढी अक्षरं, आणि दोन बोटांनी मोठं केलं की दराचा कॉलमच बाहेर जातोय. मला स्वतःलाच दर सापडेना.

मग विश्रामबागच्या या साईट करणाऱ्या पोरांकडं गेलो. पोरानं जागेवर दाखवलं, व्ह्यूपोर्टची ओळ, म्हणजे पान स्क्रीनच्या रुंदीएवढंच मांड असं मोबाईलला सांगणारी, कोडमध्ये नव्हतीच, ती नसली की मोबाईल पान ९८० पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि मग आक्रसून एवढ्याशा स्क्रीनवर बसवतो. मी म्हणलं टाका ओळ, मिटलं. त्यानं टाकून दाखवली, अक्षरं मोठी झाली पण पान आडवं सरकायला लागलं, कारण आधीच्यानं सगळ्याला १२०० पिक्सेल रुंदी ठोकून दिलेली. म्हणजे रुंदी टक्क्यात घ्यायची, फोटोला मॅक्स-विड्थ १०० टक्के म्हणजे तो चौकटीबाहेर जात नाही, आणि मीडिया क्वेरी म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणं बदलणारे नियम लावून कुठल्या रुंदीला काय कुठं जाईल ते ठरवायचं, असं सगळंच उसवून शिवायचं काम होतं.

दराच्या तक्त्यावर मात्र खरी मेहनत घेतली त्यांनी. माल, प्रत, पॅकिंग, दर, जीएसटी असे ५ कॉलम, ते मोबाईलला मावणार कसे? आता कॉम्प्युटरवर तक्ताच दिसतो आणि मोबाईलवर प्रत्येक मालाचं वेगळं कार्ड, वर राजापुरी हळकुंड, खाली ठळक दर, त्याखाली ऑर्डरचं बटण, अंगठ्यानं नीट दाबता येईल एवढं. दर विचारणारे फोन बरेच कमी झालेत, आता दर कमी करा म्हणून येतात, त्याला साईट काय करणार.

एक गोष्ट मला फार आवडली. आधी हेडिंगच्या दोन ओळी इतक्या चिकटलेल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसायचे. इंग्रजीत एवढी अंतरं चालतात, मराठीला जास्त लागतं, हे त्या पोराला न सांगता कळलं. आयफोनवर नाव-पत्ता भरायला गेलं की पान आपोआप झूम व्हायचं, ते पण चौकटीतली अक्षरं १६ पिक्सेलची केल्यावर थांबलं. बॅनरचा फोटो मोबाईलला लहान जातो, कॉम्प्युटरला मोठा. आणि नुसतं कॉम्प्युटरवर क्रोममध्ये मोबाईलचा आकार लावून बघितलं नाही, दुकानात येऊन आमच्या चार जणांच्या फोनवर बघितलं, आण्णांच्या जुन्या फोनवर पण, दारात उन्हात उभं राहून. तिथंच आण्णा म्हणले, त्या तीन आडव्या रेघा कसल्या रं? मग शेजारी 'मेनू' असं लिहून घेतलं.

आता स्टार का कापला. १० दिवस सांगून ३ आठवडे लावले, ते पण ऐन हळदीच्या सीझनला, फोन केला की "झालंच दादा". दुसरं म्हणजे मोबाईलच्या नादात मोठ्या स्क्रीनकडं दुर्लक्ष केलं, भावाच्या २४ इंची मॉनिटरवर माहितीची एक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाचताना मान फिरवावी लागायची. सांगितल्यावर रुंदीला मर्यादा घातली, वेगळे पैसे घेतले नाहीत, हे कबूल. टॅबलेट आडवा धरला की बॅनरमधला फोन नंबर अजून अर्धा कापला जातोय. सोमवारी करतो म्हणलेत, कुठल्या सोमवारी ते विचारायचं राहिलं.