जालने जाल की आनाने?

टोकियोत नवीन आलेला मराठी माणूस पहिल्या दोन-तीन महिन्यांत हा प्रश्न विचारतोच, की माईल्स (विमान प्रवासावर जमणारे पॉइंट) कुठे जमवू, जपान एअरलाइन्सकडे की ऑल निप्पॉनकडे. म्हणजे आमच्या बोलण्यात जाल की आना. (जालने जाल का, हा विनोद निशी-कासाईत, म्हणजे टोकियोतल्या भारतीयांच्या वस्तीत, इतक्यांदा झालाय की आता कुणी हसत पण नाही.) मी दोन्हीची कार्डं काढली, दोन्हीने बऱ्याच वेळा गेलोय आलोय आणि गेली काही वर्षं एकीकडे झुकलोय, कुठे ते कळेलच. पिक्चर किती, वायफाय कसं हे लिहीत बसत नाही. इकॉनॉमीत दोन्हीकडे २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात, दोन्हीकडचे लोक सारखेच वाकून नमस्कार करतात, आणि शाकाहारी किंवा जैन जेवण दोन्हीकडे आधी सांगून ठेवलं तर मिळतं. आधी सांगाच, कारण जपानी स्वयंपाकात साध्या भाजीच्या रश्श्यात पण माशाचं पाणी असू शकतं.

खरा फरक दिसतो तो रूटमध्ये आणि खुर्चीत. आणि तो तसा का झाला हे बघायचं तर २०१० पर्यंत मागे जावं लागतं.

१९ जानेवारी २०१० ला जालने टोकियोच्या जिल्हा न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज टाकला. कर्ज साधारण २.३ लाख कोटी येन. शेअर मातीमोल झाले, फेब्रुवारीत बाजारातून नावच निघालं. सुमारे १६ हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या, निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनला पण ३० टक्के कात्री लागली, ती जुनी जम्बो ७४७ सगळी काढून टाकली, आणि साओ पाउलो, रोम, मिलान, अ‍ॅम्स्टरडॅम असे रूट एकामागून एक बंद. सरकारी पुनर्रचना संस्थेने ३५ हजार कोटी येन घातले, बँकांनी त्याहून जास्त कर्ज सोडून दिलं. क्योसेरा कंपनी उभी करणारे काझुओ इनामोरी, वय ७८, विमान कंपनीचा शून्य अनुभव, पगार न घेता चेअरमन म्हणून येऊन बसले. आणि एवढं सगळं होत असताना विमानं एक दिवस पण थांबली नाहीत, लोकांचे माईल्स पण बुडाले नाहीत. आपल्याला हे नवलच वाटतं, कारण आपण बघितलेली गोष्ट जेटची, १७ एप्रिल २०१९ ला जी जमिनीवर आली ती आलीच.

गंमत म्हणजे कंपनी आयसीयूत असताना तिच्यावर दोन अमेरिकन कंपन्यांची ओढाताण चालू होती. डेल्टाला जाल आपल्या स्कायटीम या विमान कंपन्यांच्या गटात हवी होती, त्यांनी अब्ज डॉलरची मदत पुढे केली. अमेरिकन एअरलाइन्सला ती आपल्या वनवर्ल्ड गटातून सुटू द्यायची नव्हती, त्यांनी आकडा अजून वर नेला. दिवाळखोर कंपनीसाठी एवढी बोली का, तर अमेरिका आणि जपानमध्ये ओपन स्कायचा करार होऊ घातला होता. तो झाला की दोन देशांच्या कंपन्या परवानगी घेऊन एकत्र भाडं ठरवू शकतात, वेळापत्रक जुळवू शकतात, कमाई वाटून घेऊ शकतात. म्हणजे जाल ज्याच्या हाती लागेल त्याला टोकियो आणि पुढचा आशिया मिळणार. डेल्टाची अडचण अशी की त्यांच्यात विलीन झालेल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सकडून आलेलं नारिता विमानतळावरचं मोठं बस्तान त्यांच्याकडे आधीच होतं, त्यात जाल मिळाली असती तर परवानगी मिळणं अवघड झालं असतं. फेब्रुवारी २०१० मध्ये जाल अमेरिकनसोबतच राहिली. एप्रिल २०११ पासून जाल-अमेरिकन एक जोडी, आना-युनायटेड दुसरी जोडी, आणि डेल्टा बिचारी जपानमध्ये जोडीदाराशिवाय. सिएटल नाहीतर डॅलसला भाऊ-बहीण असणाऱ्यांना आजही तिकीट काढताना ही जोडपी दिसतात, एकाच्या साइटवर दुसऱ्याचं विमान.

आता आनाकडून बघा. यांनी नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं सुरू केली तीच १९८६ मध्ये, त्याआधी परदेश म्हणजे जालचंच राज्य. इतकी वर्षं स्वतःच्या हिमतीवर वाढायचं आणि समोरच्याला सरकारने पैसे घालून वाचवायचं, वर जुन्या तोट्यामुळे त्याला टॅक्समध्येही सूट. इनामोरींनी खर्च असा काही आवळला की मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात जालला २० हजार कोटी येनच्या वर ऑपरेटिंग नफा, आणि १९ सप्टेंबर २०१२ ला कंपनी परत शेअर बाजारात. आनावाले चिडणारच की. त्यांनी आरडाओरड केली, आणि ती ऐकली गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये जपानच्या वाहतूक मंत्रालयाने सांगून टाकलं की मार्च २०१७ पर्यंत जालच्या नव्या रूटवर आणि गुंतवणुकीवर आमचं लक्ष राहील. मग २०१३ मध्ये हानेडा विमानतळाचे दिवसाचे आंतरराष्ट्रीय स्लॉट (विमान उतरायच्या-उडायच्या ठरलेल्या वेळा) वाटले, त्यात आनाला ११ आणि जालला ५. जालने आक्षेप घेतला, उपयोग झाला नाही.

स्लॉट म्हणजे किती मोठी गोष्ट ते टोकियोत राहिल्याशिवाय कळत नाही. हानेडा शहरातच आहे, नारिता साधारण ६० किलोमीटर लांब. पहाटे दोन मोठ्या बॅगा, झोपेतलं पोर आणि लोणच्याची बरणी घेऊन नारिताला निघालं की आपण विमान पकडायला चाललोय की गावाला चाललोय असं वाटतं. तर आनाने हानेडावरून युरोप-आशियाचे रूट धडाधड वाढवले आणि परदेशी उड्डाणांत जालच्या पुढे निघून गेली. नंतर २०२० च्या वाटपात हा फरक बराच कमी झाला, पण तोवर जाळं विणून झालं होतं.

त्यामुळे नुसता नकाशा बघितला तर उत्तर सोपं आहे, आना. आपल्यासाठी तर फारच सोपं, कारण आनाचं मुंबई-नारिता आहे, २००७ पासून. तेव्हा ते बोइंगच्या छोट्या ७३७ ने जायचे, आता ७८७. (मधे कोविडचा खंड पडला, आठवड्यातले दिवस सीझनप्रमाणे बदलतात, तेवढं बघून घ्या.) जालचं मुंबईला काही नाही, दिल्ली नाहीतर बंगळूरू, पुढे इंडिगोशी कोडशेअर, म्हणजे जालच्याच तिकिटावर इंडिगोचं विमान. पुण्याच्या माणसाचा हिशोब बघा, आनाने मुंबईत उतरलात, गाडी केली, एक्सप्रेसवे, खोपोलीला वडापाव, घरी. जालने दिल्लीत उतरलात तर तिथेच इमिग्रेशन, तिथेच बेल्टवरून बॅगा उचलायच्या, कस्टममधून न्यायच्या, परत टाकायच्या, मग पुढचं विमान. हा आपल्याकडचा नियमच आहे, कुठल्या कंपनीच्या हातात नाही. आणि माईल्सचं म्हणाल तर आनाच्या गटात, स्टार अलायन्समध्ये, एअर इंडिया पण आहे, सिंगापूर पण आहे, म्हणजे जमवायला आणि उडवायला दोन्हीला बरं. दोन्हीकडे साधारण तीन वर्षांत माईल्स बाद होतात, तिथे कुणाला मार्क नाहीत.

एवढं सगळं आनाच्या बाजूने लिहून मी जालने का जातो?

मुलगा झाला तेव्हा आई पुण्याहून एकटी आली. तिकीट मी स्वस्त बघून काढलेलं, मधे एकदा विमान बदलायचं, कंपनी तिसऱ्याच देशाची, नाव सांगत नाही कारण त्यांनी वेगळं असं काही केलं नव्हतं. व्हीलचेअर सांगितलेली, सगळं व्यवस्थित. विंडो सीट मीच हौसेने घेऊन दिली, म्हटलं पहिल्यांदाच एवढ्या लांब येतेय, बाहेर बघत येईल. लांबचं विमान ७८७, ओळ तीन-तीन-तीन. शेजारचे दोघं टेकऑफच्या आधीच गाढ झोपलेले. आई बाहेर आली ती ओठ सुकलेले, डोकं धरलेलं. काय झालं म्हटलं तर म्हणे काही नाही रे, पाणी प्यायले नाही. का? तर पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागणार, त्यासाठी त्या दोघांना उठवायला लागणार, भाषा येत नाही, आणि गुडघ्यामुळे त्यांच्या पायांवरून पलीकडे जाता येत नाही. सहा-साडेसहा तास बाई तशीच बसून होती, एअर होस्टेस ट्रे घेऊन आली की हसून नको म्हणत होती. बाहेर काय बघितलंस विचारलं तर म्हणाली अंधार.

तेव्हापासून मी तिकीट काढताना पहिल्यांदा ओळ मोजतो. बघायला गेलं तर जगात जवळपास सगळ्यांनी ७८७ मध्ये इकॉनॉमीला नऊच्या ओळी बसवल्यात, आनाच्या पण नऊच आहेत. जालच्या आंतरराष्ट्रीय ७८७ मध्ये आठ. दोन-चार-दोन. म्हणजे विंडोला बसलेल्या माणसाला एकालाच उठवायचं, आणि दोघं असाल तर कुणालाच नाही. खुर्ची पण रुंद लागते, टेप लावून मोजली नाहीये पण माझं कोपर शेजाऱ्याच्या कोपराशी भांडत नाही एवढं नक्की, आणि मी काही सडपातळ नाही. आनामध्ये पाय पसरायला जागा छान असते हे कबूल, लांबीला तक्रार नाही, रुंदीचा प्रश्न आहे.

माझा आपला एक अंदाज आहे, कुणी कंपनीतला वाचत असेल तर हसेल. २०१२ नंतर जालला नवे रूट घ्यायला मोकळीक नव्हती, स्लॉटमध्ये मार खाल्लेला, पण हातात पैसा होता. मग तो विमानाच्या आत गेला. २०१३ पासून त्यांनी नव्या केबिन आणायला सुरुवात केली, इकॉनॉमीची रुंद खुर्ची त्यातलीच. ज्याला गावं वाढवता येत नाहीत तो घर नीट करतो, तसं काहीतरी. बाकीचे सगळे ओळीत एक जास्तीचं गिऱ्हाईक बसवत असताना दिवाळखोरीतून उठलेल्या कंपनीने एक खुर्ची कमी ठेवावी, हे मला आजही नवल वाटतं.

अर्थात सरसकट नाही. जालच्या नव्या एअरबस ए३५० मध्ये ओळ नऊचीच आहे, त्यांच्या स्वस्तातल्या झिपएअरच्या ७८७ मध्ये पण नऊ, आणि देशांतर्गत ७८७ मध्ये पण. नाव बघून भुलू नका.

दिल्लीचा त्रास आहेच. गेल्या वेळी आईला घेऊन हानेडाहून दिल्लीमार्गे पुण्याला गेलो तेव्हा बॅगा उचलताना बायको म्हणालीच, मुंबईने गेलो असतो तर आत्ता लोणावळ्यात असतो. खरं होतं, वाद घातला नाही. पण व्हीलचेअर घेतली की इमिग्रेशनला वेळ कमी लागतो, आणि तो दीड-दोन तासांचा त्रास पायावर उभं राहून असतो, अंग आखडून नसतो. आई विंडोला होती, मी आयलला, मधे कुणी नाही. चारदा उठली. तीन वेळा तर नुसती फिरून यायला.

एकटे असाल, तिशीच्या आतले असाल, बसल्या जागी झोप लागत असेल आणि घर ठाण्यात नाहीतर दादरला असेल तर मी म्हणेन आना घ्या, डोळे झाकून घ्या, आयल सीट मिळाली की झालं. नवी मुंबईवाल्यांनी पण तेच करावं. तिघं असाल तर नऊची ओळ उलट सोयीची, आपलेच तिघं एका रांगेत. पण आईवडिलांना बोलावणार असाल, किंवा तुम्हाला स्वतःलाच रात्री दोनदा उठायची सवय लागली असेल (वय होतं हो), तर निदान एकदा जालने जाऊन बघा, मग ठरवा. भाड्यात पाच-सात हजार येनचा फरक इकडेतिकडे असतो, सणासुदीला जास्त, त्यावर जाऊ नका.

आणि जालचं बुक करताना सीट मॅप उघडून आडवे खोके मोजा. आठ आले तर पुढे जा. नऊ आले तर विमान बदललंय, किंवा तुम्ही चुकून दुसऱ्याच फ्लाइटवर आहात, मागे या. आणि प्रवासाच्या आठवडाभर आधी परत एकदा मोजा.