रिपोर्टात 'इंजिन स्टार्ट – होय', बॉनेटखाली बॅटरीच नाही: जप्तीच्या गाडीचा ऑनलाइन लिलाव

हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्या ऑनलाइन लिलावात स्वस्त पडतात, असं ऐकून मी 2014 ची वॅगन आर घेतली. आधी आकडे देतो. बोली 1,72,000. लिलाव कंपनीची तीन टक्के फी जीएसटीसकट 6,088 रुपये 80 पैसे. ओढून आणलेल्या गाड्या ठेवतात त्या यार्डाचं पार्किंग 8,260. टोइंग 6,500. बॅटरी 4,200. आधीच्या मालकाची थकलेली ई-चलनं 14,500. एकूण 2,11,548 रुपये 80 पैसे, आणि इंजिनाचं काम अजून बाकी. गॅरेजवाल्याने त्याचे 42,000 सांगितलेत. एवढ्यात ओळखीतली चालती गाडी आली असती.

पोर्टलवरच्या रिपोर्टात स्पष्ट लिहिलं होतं, 'इंजिन स्टार्ट – होय'. त्याखालीच उघड्या बॉनेटचा फोटो. त्यात बॅटरी नव्हती. रिकामा ट्रे आणि लोंबणाऱ्या दोन वायरी. मग गाडी स्टार्ट केली कुणी आणि कशावर? तो फोटो आजही मोबाइलमध्ये दिसला की डोकं सणकतं, कारण सगळं तिथेच होतं, डोळ्यांसमोर. पण मी विचारलंच नाही असं कुणी म्हणू नये. यार्डात जाऊन विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, बॅटऱ्या चोरीला जातात, म्हणून काढून ठेवतो. डिलिव्हरीला लावून देऊ." यात खोटं वाटण्यासारखं काय होतं? विकणारी नावाजलेली फायनान्स कंपनी, पावती जीएसटीची, पैसे थेट तिच्याच खात्यात. डिलिव्हरीच्या दिवशी ना बॅटरी, ना तो माणूस. बाहेरून बॅटरी आणून जोडली, तर इंजिन जाम. यार्डात जाताना मेकॅनिक आणि चार्ज केलेली बॅटरी सोबत न्या. लावू देत नसतील तर तिथूनच परत फिरा.

फोटोतली नंबरप्लेट झाकलेली होती. "पूर्ण नंबर लिलाव जिंकल्यावर मिळेल." मिळाला तेव्हा परिवहनच्या साइटवर टाकला आणि चलनांची रांग दिसली. तोवर 10,000 अनामत अडकलेली. माघार घेतली की ती जप्त. नंबर लपवतात तिथे बोली लावूच नका.

शेवटच्या दोन मिनिटांत कुणीतरी एकजण दर वेळी बरोबर 2,000 ने वर जात होता आणि वेळ आपोआप वाढत होती. विकणाऱ्यानेच खोटी बोली लावून भाव चढवला असेल तर माल विक्री कायद्याच्या कलम 64 प्रमाणे खरेदीदाराला व्यवहार रद्द करता येतो. पण समोर कोण होतं हे पोर्टल सांगत नाही, मग सिद्ध कसं करायचं? पार्किंगचंही तेच. बोलीची मंजुरी आणि गाडी यार्डातून सोडायची रिलीज ऑर्डर देताना उशीर कंपनीने केला, भाडं माझ्याकडून घेतलं. ते कोण भरणार, हे आधी ईमेलवर लिहून घ्या.

पोलिसांनी कागद पुरते पाहिलेसुद्धा नाहीत. "बोली तुम्हीच लावली ना? सिव्हिल मॅटर आहे." सायबर हेल्पलाइन 1930 वर फोन केला, तर पैसे नोंदणीकृत कंपनीच्या खात्यात गेलेत, त्यामुळे ही सायबर फसवणूक नाही म्हणे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. कंपनीने 'गाडी जशी आहे, जिथे आहे तशी विकली' एवढं एक वाक्य पाठवलं आणि तक्रार बंद झाली. जशी आहे तशी विका ना! पण न चालणारी गाडी चालते असं लेखी द्यायची मुभा या अटीने कुठे दिली? हा प्रश्न मी प्रत्येक खिडकीवर विचारला. कुणाला उत्तर द्यायचं नाही, पुढच्या खिडकीचा पत्ता मात्र सगळे देतात. गाडी नावावर करायला गेलो, तर आरटीओत सांगितलं, आधीच्या मालकाची सही आणा. ज्याची गाडी ओढून नेली तो सही करेल? अशा वेळी फायनान्स कंपनीने फॉर्म 36 भरून आरसी आधी स्वतःच्या नावावर करायची असते. ते कंपनी करत नाही आणि आरटीओ तिला विचारत नाही. मधे मी.

नातेवाइकांना अजून गाडी सर्व्हिसिंगला आहे असंच सांगतोय.

आता जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. रिपोर्टाचा आणि फोटोंचा स्क्रीनशॉट लिलाव चालू असतानाच काढून ठेवा, कारण माझ्या गाडीचं पान पैसे भरताच पोर्टलवरून गायब झालं.