शिकारीला बरोबर न्यायचं छोटं ठासणीचं पिस्तूल: ट्रॅपर, केंटकी की डेरिंजर?

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या कितीतरी घरांची पुढची पिढी आता अमेरिकेत आहे, आणि त्यातले काही थंडीच्या तोंडावर खारी-सशांच्या मागे रानात जातात. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायच्या पिस्तुलाची चौकशी बडोद्यात येते ती त्यांच्याकडूनच. इथे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ठासणीच्या हत्यारालाही शस्त्रपरवाना लागतो, म्हणून पुढचं सगळं तिकडचंच समजावं.

आधी डेरिंजर निकालात काढू. पेडरसोली कंपनीची फिलाडेल्फिया डेरिंजर दिसायला देखणी, खिशात मावते, .45 ची (म्हणजे नळीचं भोक .45 इंचांचं). पण नळी जेमतेम तीन इंचांची. मागचं-पुढचं निशाण इतकं जवळ की हात केसभर हलला तरी दहा पावलांवर खारीचं डोकं चुकतं. खार जखमी होऊन ढोलीत शिरणार, हाती काही नाही. कपाटात ठेवायला घ्या, रानात नको.

कामाची नळी नऊ-दहा इंचांची. त्यात दोन नावं पुढे येतात. ट्रॅडिशन्स कंपनीचं ट्रॅपर .50 चं, पावणेदहा इंची अष्टकोनी नळी, मागचं निशाण सरकवता येतं, चापही दुहेरी: मागचा ओढून ठेवला की पुढचा नुसत्या स्पर्शाने सुटतो. पेडरसोलीचं केंटकी किंचित लांब, नळी दहा इंचांच्या वर, आणि ते .45 मध्येही मिळतं. निशाण मात्र साधं. डावी-उजवी चूक काढायची तर पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांडीने) हळूहळू ठोकत सरकवावं लागतं.

छोट्या शिकारीचा खरा प्रश्न गोळीच्या वजनाचा. .32 च्या नळीत .310 ची गोळी जाते, वजन 45 ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम). .36 ची 65 ग्रेनच्या आसपास. .45 ची (.440) 128, आणि .50 ची (.490) 177 ग्रेन. म्हणजे खारीवर ट्रॅपर चालवणं ही चैन आहे: डोक्याला लागली तर ठीक, धडाला लागली तर खायला काही उरत नाही. .32 किंवा .36 चं चांगलं पिस्तूल समोर आलं तर डोळे मिटून घ्यावं, पण तयार मालात ते सहसा दिसत नाही. तोवर .45 चं केंटकी आणि हलका बार, म्हणजे दारू कमी. ट्रॅपर आधीच घरात असेल तर ते सशासाठी ठेवा.

बार किती, याचं उत्तर पिस्तुलाबरोबर आलेल्या पुस्तिकेत असतं आणि तिच्या वर जायचं नाही. .45 ला एफएफएफजी या बारीक दाण्याच्या जातीची काळी दारू 20 ग्रेनपासून सुरू करावी. पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू वजनाने नव्हे, काळ्या दारूच्या मापानेच भरायची. तिला पेट घ्यायला जास्त उष्णता लागते, म्हणून टोपी (घोडा पडताच ठिणगी देऊन दारू पेटवणारी) दमदार हवी. काडतुसातली बिनधुराची दारू चिमूटभरसुद्धा नाही, नळी फुटते. दारू शिंगातून थेट नळीत ओतायची नाही. आत ठिणगी राहिली असेल तर अख्खं शिंग हातात पेटेल. मधे माप हवंच.

गोळीभोवती गुंडाळायच्या चिंधीसाठी मंगळ बाजारातलं घट्ट विणीचं मांजरपाट उत्तम. आधी धुऊन खळ काढा. जाडी कॅलिपरने मोजून .010 ते .015 इंच. कापड शंभर टक्के सुती हवं, सिंथेटिकचं मिश्रण असलं तर ते नळीत वितळतं. वंगण मेण आणि चरबी किंवा खाद्यतेल यांचं. पेट्रोलियमच्या ग्रीसने काळ्या दारूची काजळी डांबरासारखी चिकटते. उडालेली चिंधी उचलून बघत जा. मधोमध जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ पडतंय किंवा वंगण कमी आहे.

गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मधे पोकळी राहिली तर नळी फुगते. नेहमीचा बार भरून गोळी ठासायच्या गजावर नळीच्या तोंडाशी खूण करा. पुढच्या वेळी खूण वर राहिली की गोळी अडकली आहे किंवा बार दुप्पट झाला आहे. चार-पाच बारांनंतर काजळीमुळे गज जड जाऊ लागतो. तेव्हा जोर न लावता ओलसर चिंधी फिरवा, मग एक कोरडी.

बार न उडण्याचं पहिलं कारण तेल. सफाईचं तेल निपलच्या, म्हणजे टोपी बसते त्या पोकळ खुंटीच्या भोकात उतरून बसतं. भरण्याआधी नुसत्या दोन टोप्या उडवा, नळीचं तोंड सुक्या पाचोळ्यासमोर धरून: पान हललं तर वाट मोकळी आहे. टोपी बहुधा 11 नंबरची. सैल बसत असेल तर चिमटीत किंचित दाबतात, पण निपलच बदलणं बरं, कारण सैल टोपी चालता चालता पडते. टोपी उडाली आणि बार नाही, तर नळी मातीच्या बांधाकडे धरून पूर्ण मिनिटभर थांबायचं.

विकत घेताना दुकानातच, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, घोडा अर्धाच ओढून अडकवून ठेवा आणि चाप ओढून बघा. घोडा पडला तर पिस्तूल परत करा, मग किंमत काही असो. अर्धा घोडा पक्का असला तरी टोपी लावायची ती शिकार दिसल्यावरच. कमरेला घोडा झाकणारं चामडी म्यान हवं. पट्ट्यात नुसतं खोचलेलं पिस्तूल झुडपात अडकतं.

आपली मर्यादा कागदावर ठरवा. दोन इंची वर्तुळात पाचही गोळ्या जितक्या अंतरावरून बसतील, तेवढंच आपलं अंतर.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी साबणाच्या गरम पाण्याने नळी धुवायची, निपल काढून. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते, रात्रीत गंज धरतो.

कागदपत्रांचं थोडं. फेडरल कायदा अशा पिस्तुलांना बरीच सूट देतो, पण न्यू जर्सीत तेही हँडगनच धरतात आणि खरेदीआधी परवाना लागतो. तिथल्या एडिसनकरांनी हे विसरू नये. दारू आणि टोप्या विमानात चेक-इन सामानातही चालत नाहीत, आणि पिस्तूल ‘दाखवायला’ बडोद्याला आणण्याचा विचार तर अजिबात नको.